खुलासा : सीताबर्डीच्या लढाईने नागपूर इंग्रजी मुलूख झाले नाही

‘२६-२७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीवर नागपूरकर भोसल्यांची हार झाली आणि नागपूर इंग्रजांनी खालसा केले’ हे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. ते चूक आहे. खालसा झाले १८५४ मध्ये, तिसऱ्या रघुजींच्या निधनानंतर, दत्तक नाकारून.

मधली ३६ वर्षे समजून घ्यायलाच हवीत. १८१८ मध्ये राजे आप्पासाहेब भोसले यांना काढून अल्पवयीन रघुजींना गादीवर बसवले. वाड्याचा कारभार दुसऱ्या रघुजींच्या विधवा राणी बाकाबाईंकडे, राज्याचा कारभार रेसिडेंट (दरबारातील इंग्रज वकील) जेन्किन्सकडे. जिल्ह्यांवर इंग्रज सुपरिंटेंडेंट नेमले, छत्तीसगडात कर्नल अ‍ॅग्न्यू. पण त्यांच्या हाताखाली परगण्याचे कमाविसदार (महसूल अधिकारी) आणि गावचे पाटील आपलेच राहिले. कोणाचे शेत किती, पीक काय आले, हे पाटलाखेरीज साहेबाला कळणार कसे? सारा ठरवायचा साहेबाने, वसूल करायचा पाटलाने. रयतेचा राग मात्र पाटलावर! म्हणून त्यांना सरसकट फितूर म्हणणे आम्हाला अन्यायाचे वाटते.

१८२६ च्या तहानंतर मुलूख टप्प्याटप्प्याने परत मिळत गेला आणि १८३० पर्यंत कारभार पुन्हा राजाच्या हाती आला. इंग्रजांचा वचक आणि तैनाती फौजेचा खर्च मात्र राहिला.