किटच्या बिअरचा हरवलेला सुवास

घरी बिअर बनवण्याच्या किटमधला डबा उघडला की आत मधापेक्षाही दाट, तपकिरी माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, अर्क असतो. चमच्याच्या टोकावर घेऊन चाटला तर आधी गोड आणि मागून चांगलाच कडू लागतो. म्हणजे हॉप्स, बिअरला कडवटपणा आणि सुवास देणारी वेलीची फुलं, त्यात आहेत. पण नाकाशी धरला तर ना फुलांचा वास येतो, ना लिंबाच्या सालीचा. किटची बिअर प्यायला बरी, पण सपक लागते त्याचं मोठं कारण हेच. हा सुवास परत आणायला उकळण्याचं भांडंही लागत नाही. हॉप्सचं एक पाकीट लागतं, आणि ते कधी टाकायचं ते कळावं लागतं.

हॉपच्या मादी वेलीला हिरवे, कागदी पाकळ्यांचे कोन लागतात. एक कोन मधोमध फाडला तर पाकळ्यांच्या मुळाशी पिवळीधमक चिकट पूड दिसते. ही लुप्युलिन. बोटांत चोळली की उबेने वास उठतो आणि हात धुतले तरी बराच वेळ राहतो. हॉप्समधलं कामाचं जवळपास सगळं या पुडीत असतं. त्यातली अल्फा आम्लं थंड द्रवात फारशी विरघळत नाहीत. तासभर उकळल्यावर त्यांची रचना बदलते आणि त्यातून बिअरचा कडवटपणा येतो. सुगंधी तेलांचं मात्र उलट आहे. मिर्सीन, लिनालूल, जेरॅनिऑल अशा रेणूंचं हे मिश्रण कोनाच्या वजनाच्या जेमतेम अर्धा ते तीन टक्के असतं, आणि ते वाफेबरोबर उडून जातं. कारखान्यात वर्ट, म्हणजे माल्टचं गोड पाणी, आधी उकळतात, मग पाणी आटवून त्याचा अर्क करतात. कडवटपणा त्यातून तगतो. तेलं तगत नाहीत.

म्हणून हॉप्स उकळायचेच नाहीत. किण्वन (यीस्टने साखर आंबवणं) संपत आलेल्या, न तापवलेल्या बिअरमध्ये ते तसेच टाकायचे, यालाच ड्राय हॉपिंग म्हणतात. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात पेल एल या फिक्या रंगाच्या बिअरच्या पिंपात बूच मारण्याआधी मूठभर हॉप्स टाकत. तत्त्व आजही तेच आहे.

हॉप्स चांगले असले तरी खालची बिअर कच्ची असेल तर उपयोग नाही. किटवर एक किलो साखर घालायला सांगितलेली असेल तर तिच्या जागी एक किलो कोरडी माल्ट पावडर वापरावी. किटवर २३ लिटर बिअर करायला सांगितली असेल तर २० लिटरच करावी, अंगात भरीवपणा येतो. यीस्ट १८ ते २० अंश सेल्सिअसला ठेवावं. २५ च्या वर गेलं तर त्यातून जे उग्र, सॉल्व्हंटसारखे वास निघतात ते कुठल्याच हॉपने झाकले जात नाहीत.

हॉप्स घेताना पेलेट घ्यावेत. कोन दळून, दाबून केलेल्या या हिरव्या कांड्या बिअरमध्ये पडताच फुगून विस्कटतात आणि एक-दोन दिवसांत बहुतेक तेल सोडतात. अखंड कोन पृष्ठभागावर तरंगतात, अर्धे कोरडेच राहतात. पाकीट हवाबंद आणि फ्रीझरमध्ये ठेवलेलं असावं. उघडताच जुन्या चीजसारखा वास आला तर ते हॉप्स ऑक्सिजनने खराब झालेले आहेत, टाकून द्यावेत. वाण निवडताना किट कुठल्या प्रकारच्या बिअरचं आहे ते पाहावं. पेल एलला १९७२ मध्ये अमेरिकेत आलेला कॅस्केड शोभतो, त्याला ग्रेपफ्रूटची झाक असते. इंग्लिश बिटरला ईस्ट केंट गोल्डिंग्ज, लागरला साझ. आंबा-लिचीसारखी फळं नाकाला हवी असतील तर सिट्रा घ्यावा.

प्रमाण लिटरमागे ग्रॅममध्ये धरावं. लिटरला २ ग्रॅमने हलका सुवास येतो. ४ ग्रॅम म्हणजे २० लिटरला ८० ग्रॅम, आणि पहिल्या खेपेला हेच योग्य. ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी कॅस्केडचं प्रमाण वाढवत नेलं तेव्हा लिटरला ८ ग्रॅमच्या पुढे सुवासात फारशी भर पडत नाही आणि वासाचा कल पालापाचोळ्यासारख्या झाकेकडे जातो असं दिसलं. शिवाय ८० ग्रॅम पेलेट पाऊण लिटरच्या आसपास बिअर शोषून घेतात. हॉप्स वाढवण्याआधी हा हिशेब मनात असावा.

आता वेळ. किण्वन जोरात असताना हॉप्स टाकले तर बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड सुवासही सोबत नेतो. सगळं थंडावल्यावर टाकले तर झाकण उघडताना आत गेलेला ऑक्सिजन खाऊन टाकायला जागं यीस्ट उरत नाही. मधला क्षण हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजणारी तरंगती नळी, दाखवतो; साखर संपत जाते तसं त्याचं वाचन उतरतं. किटचं अंतिम वाचन साधारण १.०१२ यायचं असेल, तर १.०१५ च्या आसपास हॉप्स टाकावेत. या वेळी जागं असलेलं यीस्ट आणखी एक काम करतं. हॉप्समधल्या जेरॅनिऑलचा काही भाग ते सिट्रोनेलॉलमध्ये बदलतं, आणि गुलाबासारख्या वासाला लिंबाची धार येते.

पेलेट एकदम ओतू नयेत. बिअरमध्ये वायू विरघळलेला असतो आणि पेलेटचा प्रत्येक खडबडीत कण त्याला बुडबुडा व्हायला जागा देतो. सगळं पाकीट एका झटक्यात ओतलं तर हिरवा फेस फर्मेंटरच्या, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्याच्या, तोंडातून बाहेर येतो. दोन-तीन हप्त्यांत टाकावेत, झाकण लगेच लावावं. ढवळायचं नाही. पिशवीत बांधून टाकायचे असतील तर पिशवी आणि तिला बुडवायला लागणारा स्टीलचा नट दहा मिनिटं उकळून घ्यावा, आणि पिशवी निम्मीच भरावी, कारण घट्ट भरलेल्या पिशवीत मधले पेलेट कोरडेच राहतात. मोकळे टाकलेले हॉप्स जास्त सुवास देतात, हे आमचं स्पष्ट मत. खुद्द पेलेटवरून जंतुसंसर्ग होण्याची भीती फारशी नसते: तोपर्यंत बिअरमध्ये अल्कोहोल आणि आम्लता दोन्ही आलेली असतात, आणि हॉप्स स्वतःच अनेक जिवाणूंना रोखतात. हात, कात्री आणि झाकण मात्र निर्जंतुक हवेच.

तापमान १८ अंशांच्या आसपास, मुदत तीन दिवस. फार दिवस उबेत ठेवले तर कापलेल्या गवताचा वास आणि जिभेला खरखरीत तुरटपणा येऊ शकतो.

तीन दिवस झाले म्हणून लगेच बाटल्या भरायला घेणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. हॉप्समध्ये स्टार्चचे तुकडे करणारी विकरं असतात. यीस्टला न पचलेली डेक्स्ट्रिन्स ती तोडतात, त्यातून नवी साखर तयार होते आणि थांबलेलं किण्वन पुन्हा सुरू होतं. होरेस ब्राउन आणि हॅरिस मॉरिस यांनी हे १८९३ मध्येच मांडलं होतं. आज त्याला हॉप क्रीप म्हणतात. १.०१२ वर थांबलेली बिअर १.००९ पर्यंत उतरू शकते. वाचनातला ०.००१ चा प्रत्येक उतार बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या सुमारे निम्मा कार्बन डायऑक्साइड भरतो. म्हणजे तीन अंकांचा उतार बंद बाटलीत झाला तर दीडपट आकारमानाचा वायू जादा. बिअरला फेस यावा म्हणून बाटलीत घातलेल्या साखरेचा वायू वेगळा. त्या दाबाने साधी बाटली फुटू शकते, आणि काचेचे तुकडे दूरवर उडतात. म्हणून हॉप्स टाकल्यावर तापमान उतरू द्यायचं नाही आणि लागोपाठ तीन दिवस वाचन एकच आल्याखेरीज पुढे जायचं नाही.

या नव्या किण्वनात डायअॅसिटिलही तयार होतं. वास थेट लोण्याचा. यीस्टला उबेत दोन-तीन दिवस मिळाले तर ते ते परत खातं. खात्री करायला अर्धा पेला बिअर झाकून ६० अंशांच्या गरम पाण्यात वीस मिनिटं ठेवावी आणि गार करून हुंगावी. लोण्याचा वास आला तर अजून थांबावं.

मग फर्मेंटर एक-दोन दिवस ४ अंशांखाली न्यावा, हिरवा चुरा तळाशी बसतो. इथेच हवेचा धोका असतो. गार होताना आतला वायू आकसतो, बिअरही जास्त वायू शोषते, आणि एअरलॉकमधून (झाकणावरच्या, वायू बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या नळीतून) बाहेरची हवा पाण्यासकट आत ओढली जाते. किण्वन चालू असतानाच एअरलॉकच्या टोकाला रिकामी पिशवी घट्ट बांधून ती कार्बन डायऑक्साइडने भरून घेतली तर गार होताना तोच वायू परत आत जातो. फ्रिजमध्ये जागा नसेल तर ही पायरी सोडावी. बिअर थोडी गढूळ राहील, चवीत बिघडणार नाही.

बिअर काढताना नळी बाटलीच्या तळापर्यंत न्यावी, वरून धार सोडू नये. फेसासाठीची साखर मूळ २० लिटरवर मोजू नये. गाळ आणि हॉप्स जाऊन १८ लिटर उरली असेल तर लिटरला ६ ग्रॅमने १०८ ग्रॅम पुरते. ती थोड्या पाण्यात उकळून, गार करून घालावी. बाटल्या तपकिरी काचेच्या हव्यात. हॉप्सच्या कडू रेणूंवर उजेड पडला की त्यातून उग्र दर्पाचा गंधकयुक्त रेणू तयार होतो, आणि हिरव्या किंवा पांढऱ्या काचेत हे लवकर घडतं.

बिअर सोनेरीवरून करड्या-जांभळट रंगावर गेली आणि वास ओल्या पुठ्ठ्यासारखा झाला तर भरताना ऑक्सिजन लागला असं समजावं. तो उलटवता येत नाही. नीट भरलेल्या बाटल्या दोन आठवडे उबेत ठेवून मग फ्रिजमध्ये हलवाव्यात आणि पुढच्या सहा आठवड्यांत संपवाव्यात, कारण आधी उतरतो तो सुवासच.

तळाशी उरलेला हिरवा चिखल घरात कुत्रा असेल तर त्याच्या तोंडाला लागेल असा उघड्यावर टाकू नये. हॉप्स खाल्ल्यावर कुत्र्याचं अंग धोकादायक पातळीपर्यंत तापतं, त्यात जीवही जाऊ शकतो. वापरलेल्या हॉप्सनेही हे होतं.