हळदीची पिवळी आणि मामाची पिवळी

तुळशीचं लग्न उरकलं की ठाण्यात गोखले रोडला आणि जांभळी नाक्याला लग्नाच्या खरेदीची गर्दी सुरू होते. तिथे दरवर्षी एक वाक्य कानावर पडतंच: "पिवळी एकच घेऊ या ना, हळदीलाही होईल आणि मुहूर्तालाही." कृपा करून असं करू नका. रंग एक असला तरी या दोन साड्यांची कामं वेगळी आहेत.

हळदीची साडी माखण्यासाठीच असते. नवऱ्या मुलाला लावून उरलेली उष्टी हळद मुलीकडे येते, ती पाच सवाष्णी लावतात आणि मग कोण कुठे हात पुसतं याला धरबंध राहत नाही. ऐरोली-घणसोलीच्या आगरी घरांत तर हळदीची रात्र लग्नाच्या दिवसाइतकीच मोठी! म्हणून ही साडी सुती, धुवायला सोपी असावी. कुणी आणायची याला नियम नाही. पिवळीच हवी असंही नाही, अंगावर चढते ती हळदच पिवळी.

मुहूर्ताची पिवळी म्हणजे अष्टपुत्री. ती मामाकडून येते. ती नेसून मुलगी गौरीहर पुजायला बसते आणि मामाच तिला बोहल्यावर घेऊन जातो. पूर्वी हे हळदीत रंगवलेलं साधं वस्त्र असे. आता लाल किंवा हिरव्या काठाची रेशमी साडी घेतात. नाव आलं ते 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' या आशीर्वादावरून. आठ पुत्रांचा आशीर्वाद आज कोणती मुलगी मागेल? मलाही तो शब्द खटकतो. पण लग्न लागल्यावर बऱ्याच घरांत सासरचा शालू अंगावर येतो, त्याआधीचं हे आजोळचं वस्त्र. त्यासाठी ही साडी मला फार जवळची वाटते. ती कोरी हवी, आणि घरातल्या म्हाताऱ्या काठापदरात काळा धागा नाही ना, हे उजेडात धरून बघतात.

माझ्या भाचीच्या वेळी मामी म्हणून अष्टपुत्री मी निवडली होती. आदल्या दिवशी फोटोसाठी म्हणून पोरींनी तीच हळदीला नेसवली. पदरावर हळदीचा हात उमटला. घाबरून मी कपड्याचा साबण चोळला आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत तांबडा झाला! रात्री अकरा वाजता माझे हातपाय गार पडले. ते रक्तासारखं तांबडं म्हणजे हळदच होती. साबण, चुना अशा क्षारात हळदीचा रंग लाल होतो. आपलं पारंपरिक कुंकूही असंच, हळदीपासूनच होतं. हळद आणि कुंकू मुळात एकच, हे मला त्या मोरीत कळलं.

साबण पूर्ण निघेपर्यंत पदर साध्या पाण्याने खळबळला, तेव्हा तांबडा पुन्हा पिवळा झाला. पिवळ्यावर पिवळा, लांबून दिसेना. सकाळी भाची तीच नेसून गौरीहरापुढे बसली. नंतर सुती कपड्यांवरचे हळदीचे डाग मी उन्हात टाकून घालवले, कारण हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. पण रेशमाला कडक ऊन देऊ नका, साडीचाही रंग उडतो. अष्टपुत्री मलमलमध्ये गुंडाळून ठेवा आणि हळदीला दुसरी कोणतीही नेसवा.