सोडियम-पोटॅशियम पंप की पोटॅशियम चॅनेल: ग्राफ खाली कोण आणतं?

बारावीच्या किंवा नीटच्या कुठल्याही वहीत अ‍ॅक्शन पोटेन्शियलचा, म्हणजे नर्व्ह पेशीतून जाणाऱ्या विजेच्या इम्पल्सचा, ग्राफ काढून बघा. चढावर लिहिलेलं असतं 'सोडियम आत', ते ठीक, आणि उतारावर लाल पेनने बाण मारून 'आता सोडियम-पोटॅशियम पंप सुरू होतो'. दरवर्षी, दर बॅचला, हेच. अरे बाबांनो, सुरू व्हायला तो बंद कधी होता?

पंप तुम्हाला पाठ आहे, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगाल. 3 सोडियम बाहेर, 2 पोटॅशियम आत, 1 एटीपी (पेशीचं इंधन) खर्च. झालं. येन्स स्कू या डॅनिश शास्त्रज्ञाने 1957 मध्ये खेकड्याच्या नर्व्हवर काम करून तो शोधला आणि 1997 ला त्याला नोबेल मिळालं, एवढं जादा लक्षात ठेवा नि पुढे चला.

चॅनेल म्हणजे पेशीच्या मेम्ब्रेनमधलं, बाहेरच्या पडद्यातलं, दार. एटीपी लागत नाही, आयन (सोडियम-पोटॅशियमसारखे चार्ज असलेले कण) गर्दीकडून मोकळ्या बाजूला आपोआप जातात. पंपाला एटीपी लागतं, चॅनेलला नाही, हा फरक सगळ्यांना येतो आणि त्यात कुणी मार्क घालवत नाही. मार्क जातात ते उतारावर.

तर उतार नीट बघू. आतला व्होल्टेज उणे 70 मिलीव्होल्टवरून अधिक 30-40 पर्यंत चढला कारण सोडियम आत घुसला. आता परत उणे व्हायचंय. मुलांच्या डोक्यात काय असतं, की आत आलेला सोडियम कुणीतरी उचलून बाहेर फेकणार आणि मगच आतली बाजू निगेटिव्ह होणार, आणि फेकणारा म्हटलं की पंपच आठवतो. पण तसं होतच नाही! आलेला सोडियम त्या क्षणी आतच राहतो. होतं असं की सोडियम चॅनेल स्वतःहून अडकून बंद पडतात, तेवढ्यात पोटॅशियमचे चॅनेल उघडतात आणि पोटॅशियम बाहेर धावतो, कारण तो आत साधारण 140 मिलिमोलर आणि बाहेर जेमतेम 4-5 असतो. म्हणजे आत एक पॉझिटिव्ह आला, त्याच्या बदल्यात दुसराच पॉझिटिव्ह बाहेर गेला. व्होल्टेजला कोण गेलं याच्याशी घेणं नाही, पॉझिटिव्ह चार्ज गेला एवढं पुरतं.

आणि दिशा बघा ना. उतारावर पोटॅशियम बाहेर जातोय. पंप पोटॅशियम आत ओढतो. दोघांची दिशा उलटी आहे, मग उताराचं काम पंपाचं कसं असेल?

तरी पटत नसेल तर हिशोब करा. एक पंप सेकंदाला साधारण 100 ते 200 फेऱ्या मारतो, म्हणजे एका फेरीला 5 ते 10 मिलिसेकंद. अख्खं अ‍ॅक्शन पोटेन्शियल 1-2 मिलिसेकंदात आटोपतं. पंपाची एक फेरी व्हायच्या आत खेळ खलास! वर एका फेरीची निव्वळ कमाई किती, तर एक पॉझिटिव्ह चार्ज बाहेर. उघडा चॅनेल तेवढ्याच एका मिलिसेकंदात हजारो आयन सोडतो.

मग पंप कशाला? सोसायटीतली पाण्याची मोटर कशाला असते? टाकी भरायला. तुम्ही नळ सोडता तेव्हा पाणी टाकीतून येतं, आणि लाइट गेली, मोटर बंद पडली, तरी नळाला पाणी येत राहतं, टाकी संपेपर्यंत. टाकी म्हणजे आत-बाहेरचा आयनांचा फरक, नळ म्हणजे चॅनेल, मोटर म्हणजे पंप. मुलं म्हणतायत की नळ सोडला की मोटर पाणी देते.

हे नुसतं बोलणं नाही. हॉजकिन आणि केन्स या शास्त्रज्ञांनी 1955 मध्ये कटलफिशच्या जाड अ‍ॅक्सॉनवर (नर्व्ह पेशीच्या लांब तंतूवर) विष घालून पंपाची एनर्जी तोडली. सोडियम बाहेर फेकणं जवळजवळ थांबलं, तरी अ‍ॅक्सॉन इम्पल्स देतच राहिला. कारण अशा जाड अ‍ॅक्सॉनमध्ये एका इम्पल्सला आतला जेवढा पोटॅशियम बाहेर जातो तो लाखांत एक भागसुद्धा नसतो. बारीक तंतूंत टाकी लवकर आटते, पण तिथेही एका इम्पल्सने नाही.

उलट चॅनेल अडवला तर? दाताच्या डॉक्टरकडे लिग्नोकेनचं इंजेक्शन घेतलंय ना, ते सोडियम चॅनेल अडवतं, आणि काही मिनिटांत हिरडी, ओठ सगळं बधिर. टाकी भरलेली, मोटर चालू, नळच बंद. याच्या उलट आपल्या अंगणातली कण्हेर, तिच्या विषाचं मुख्य लक्ष्य पंप आहे. त्यात ओठ बधिर करून सोडून देण्यासारखं काही नाही, आयनांचा तोलच ढळतो आणि हृदयाचे ठोके बिघडून माणूस मरू शकतो, म्हणून ती तोंडात घालायची नाही.

म्हणजे पंप बिनकामाचा असं अजिबात नाही. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम 2 टक्के पण एनर्जी खातो 20 टक्के, आणि त्यातला मोठा वाटा या टाक्या भरण्यात जातो. स्ट्रोकमध्ये रक्त अडलं की एटीपी संपतं, पंप थांबतात, सोडियम आत साचतो, मागोमाग पाणी शिरतं आणि पेशी फुगते.

बाकी किरकोळ. ग्राफ शेवटी उणे 70 च्याही खाली जातो ते पोटॅशियम चॅनेल उशिरा बंद होतात म्हणून, पंपामुळे नाही. लगेच दुसरा इम्पल्स निघत नाही ते अडकलेले सोडियम चॅनेल मोकळे व्हायला वेळ लागतो म्हणून, तिथेही पंप नाही. रेस्टिंगच्या, म्हणजे इम्पल्स नसतानाच्या, उणे 70 मध्ये पंपाचा थेट वाटा फक्त काही मिलीव्होल्ट, बाकीचं काम पोटॅशियमच्या गळतीचं, अर्थात ती गळती चालू राहावी म्हणून फरक टिकवतो पंपच.

पेपरमध्ये 'रिपोलरायझेशन (म्हणजे हाच उतार) कशामुळे' असं आलं आणि पर्यायांत पंप दिसला की डोळे मिटून काट मारा. 'आत-बाहेरचा आयनांचा फरक कोण टिकवतं' असं आलं तर तोच पंप टिक करा. आणि कृपा करून वहीतला तो लाल बाण आजच खोडा.