म्युलर (जर्मन आडनाव)

म्युलर हे जर्मनीतलं सगळ्यात कॉमन आडनाव, अर्थ साधा, गिरणीवाला. पूर्वी तिकडे गावोगावी ओढ्याकाठी पाणचक्की असायची, सगळं गाव दळण घेऊन तिथेच यायचं, त्यामुळे धंदाच नावाला चिकटला आणि चक्क्या बंद पडल्या तरी आडनाव राहिलं. म्हणूनच बहुतेक म्युलरांचं एकमेकांशी काही नातं नसतं.

आपल्याला जवळचा म्हणजे मॅक्स म्युलर, जन्म १८२३, डेसाऊ. वडील विल्हेल्म म्युलर कवी, गिरणीवाल्याच्या मुलीवरच्या त्यांच्या कवितांना संगीतकार शूबर्टने त्याच १८२३ साली चाली लावल्या. मुलगा ऑक्सफर्डला प्रोफेसर झाला आणि सायणाचार्यांच्या भाष्यासकट, म्हणजे जुन्या टीकेसकट, ऋग्वेद छापला, सहा खंड, १८४९ ते १८७४, पंचवीस वर्षं एकाच ग्रंथाला दिली माणसाने! त्याच्या संस्कृत मुखपृष्ठावर स्वतःचं नाव 'मोक्षमूलरभट्ट' आणि ऑक्सफर्डचं 'गोतीर्थ' असं दिलंय, कारण ऑक्स म्हणजे बैल आणि फोर्ड म्हणजे नदीचा उतार. भारतात तो कधीच आला नाही. पण १८९७ मध्ये टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी त्याने शब्द टाकला, ऋग्वेदाची प्रतही तुरुंगात पाठवली. पुण्या-मुंबईत लोक जर्मन शिकायला जातात ते मॅक्स म्युलर भवन त्याच्याच नावाचं.

फुटबॉलवाल्यांना मात्र आधी गर्ड म्युलर आठवणार. पश्चिम जर्मनीकडून ६२ मॅचमध्ये ६८ गोल. १९७४ च्या वर्ल्ड कप फायनलला नेदरलँड्सविरुद्ध बॉल त्याच्या मागे राहिला होता, तो वळला आणि कोपऱ्यात मारला, २-१, कप जर्मनीचा. नंतरचा थॉमस म्युलरही गर्डसारखाच बायर्न म्युनिक क्लबचा, २०२५ पर्यंत तिथेच खेळला, २०१० च्या वर्ल्ड कपला त्याला गोल्डन बूट मिळाला, २०१४ ला कप.

स्वित्झर्लंडमध्येही म्युलर भरपूर, त्यातल्या पॉल म्युलरला डीडीटी या कीटकनाशकासाठी १९४८ चं आणि अ‍ॅलेक्स म्युलरला सुपरकंडक्टरसाठी (विरोधाशिवाय वीज वाहून नेणारा पदार्थ) १९८७ चं नोबेल.

मला सगळ्यात थोर वाटते ती हेर्टा म्युलर, जन्म १९५३, रोमानियातल्या जर्मन भाषिक गावात, साहित्याचं नोबेल २००९. कारखान्यात ट्रान्सलेटर असताना तिने गुप्त पोलिसांची खबरी व्हायला नकार दिला, मग तिचं ऑफिसच काढून घेतलं, तर ही जिन्यात रुमाल अंथरून त्यावर बसायची आणि डिक्शनऱ्या मांडीवर घेऊन मशीनची मॅन्युअल्स ट्रान्सलेट करत राहायची.