प्रॉक्टर, माइक

मायकेल जॉन प्रॉक्टर (१५ सप्टेंबर १९४६ – १७ फेब्रुवारी २०२४). दक्षिण आफ्रिकेचे अष्टपैलू क्रिकेटपटू. जन्म डर्बन येथे. त्यांच्या वाट्याला अवघे सात कसोटी सामने आले. सगळे ऑस्ट्रेलियाविरुद्ध आणि सगळे मायदेशात. त्यांतले सहा दक्षिण आफ्रिकेने जिंकले, एक अनिर्णित राहिला.

जानेवारी १९६७ मध्ये डर्बनलाच पदार्पण करताना त्यांनी सात गडी बाद केले. १९७० च्या मालिकेत बिल लॉरी यांच्या ऑस्ट्रेलियन संघाला ४–० अशी धूळ चारली गेली, त्यात प्रॉक्टर यांचे २६ बळी होते. पोर्ट एलिझाबेथला अखेरच्या डावात ७३ धावांत ६ बळी घेतले आणि तेविसाव्या वर्षी त्यांची कसोटी कारकीर्द संपली. ना दुखापत, ना फॉर्मचा प्रश्न. वर्णद्वेषी राजवटीमुळे १९७० चा इंग्लंड दौरा आणि पाठोपाठ ऑस्ट्रेलियाचा दौरा रद्द झाला, आणि दक्षिण आफ्रिका दोन दशके कसोटीबाहेर गेली. एप्रिल १९७१ मध्ये केपटाऊनच्या न्यूलँड्स मैदानावर एक चेंडू टाकून या धोरणाच्या निषेधार्थ मैदान सोडणाऱ्या खेळाडूंत प्रॉक्टरही होते. तो चेंडू त्यांनीच बॅरी रिचर्ड्‌स यांना टाकला होता.

कसोटीत ४१ बळी, सरासरी १५.०२, धावा मात्र २२६, एकही अर्धशतक नाही. रिचर्ड्‌स, बार्लो, ग्रॅम पोलॉक असलेल्या संघात ते खालच्या क्रमांकावर येत. त्यामुळे या आकड्यांत त्यांच्यातला फलंदाज दिसतच नाही. तो पाहायचा तर प्रथम श्रेणीकडे वळावे लागते: २१,९३६ धावा, ४८ शतके आणि वर १,४१७ बळी. १९७०–७१ मध्ये त्यांनी सलग सहा डावांत शतके ठोकून सी. बी. फ्राय आणि ब्रॅडमन यांच्या विक्रमाशी बरोबरी केली. ग्लॉस्टरशायर या इंग्लिश काउंटी संघावर त्यांची छाप एवढी, की लोक काउंटीला गमतीने ‘प्रॉक्टरशायर’ म्हणत. लांबलचक धाव घेऊन छाती फलंदाजाकडे ठेवत ते चेंडू सोडत, तो चुकीच्या पायावर सुटल्यासारखा वाटे आणि वेगाने आत वळे. तिन्ही गडी पायचीत, अशी हॅट्‌ट्रिक त्यांनी दोनदा साधली, ती उगाच नव्हे.

१९९१ मध्ये दक्षिण आफ्रिका परतली तेव्हा ते प्रशिक्षक होते. भारतीय प्रेक्षकांना मात्र ते आठवतात सामनाधिकारी म्हणून. २००८ च्या सिडनी कसोटीनंतर वर्णद्वेषी शेरेबाजीच्या आरोपावरून हरभजनसिंगवर तीन कसोटींची बंदी त्यांनीच घातली. अपिलात वर्णद्वेषाचा ठपका टिकला नाही.