एका डब्यातलं ऑफिस आणि त्याची भिंत: स्मॉल बिझनेस सर्व्हरची पार्श्वभूमी

पंधरा-वीस माणसांचं ऑफिस मोठ्या कंपनीने विकत घेतलं, की आयटीवाल्यांकडे एक ओळीचं फर्मान येतं: यांना आपल्या डोमेनमध्ये (एकाच ठिकाणाहून सांभाळल्या जाणाऱ्या खात्यांच्या आणि यंत्रांच्या गटात) घ्या. नेहमीचं डोमेन असेल तर ट्रस्ट (दोन डोमेननी एकमेकांची खाती मानायचा करार) बांधायचा, खाती हलवायची आणि जुना सर्व्हर बंद करायचा, असा सरळ रस्ता आहे. पण त्या ऑफिसात मायक्रोसॉफ्टचा स्मॉल बिझनेस सर्व्हर, म्हणजे एसबीएस असेल, तर पहिल्याच पायरीवर अडतं. त्यावर ट्रस्ट बांधताच येत नाही. हा बिघाड नव्हे. स्वस्त किमतीच्या बदल्यात ही भिंत मुद्दाम घातलेली होती.

पहिली आवृत्ती, बॅकऑफिस स्मॉल बिझनेस सर्व्हर ४.०, १९९७ साली आली. विंडोज एनटी ४.०, मेलसाठी एक्सचेंज, डेटाबेससाठी एसक्यूएल सर्व्हर आणि इंटरनेटच्या वाटेवरचा प्रॉक्सी सर्व्हर ही सगळी एकाच यंत्रावर आणि एकाच परवान्यात. वेगवेगळी घेतली असती तर छोट्या ऑफिसला परवडली नसती. मर्यादा २५ क्लायंटची. १९९९ च्या ४.५ आवृत्तीत ती ५० झाली, २००१ साली आलेल्या एसबीएस २००० मध्ये ५० च राहिली आणि एसबीएस २००३ मध्ये ७५ वर गेली.

एवढं स्वस्तात द्यायचं तर मोठ्या कंपनीने शाखा-शाखांतून हेच घेऊन पूर्ण किमतीचे परवाने चुकवू नयेत, याची तजवीज हवी. म्हणून नियम असे ठरले: एसबीएस फॉरेस्टच्या (डोमेनच्या समूहाच्या) मुळाशीच असणार, पाचही एफएसएमओ रोल (एका वेळी एकाच सर्व्हरकडे असणारी खास कामं) त्याच्याकडेच राहणार, दुसऱ्या डोमेनशी ट्रस्ट नाही, खाली चाइल्ड डोमेन नाही आणि एका डोमेनमध्ये दुसरा एसबीएस नाही. जादा डोमेन कंट्रोलर, म्हणजे लॉगिन तपासणारा सर्व्हर (डीसी), मात्र चालत होता. ही गोष्ट अनेकांना माहीतच नसे. ‘एसबीएसमध्ये एकच सर्व्हर चालतो’ हा गैरसमज इतका रुजला होता, की वर्षानुवर्षं लोक एकाच डीसीवर सगळा संसार चालवत राहिले.

हे नियम कागदावरचे नव्हते. एसबीकोअर नावाची सर्व्हिस ते तपासत बसे. रोल दुसरीकडे गेलेले दिसले, की आधी इव्हेंट लॉगमध्ये इशारे यायचे आणि सवलतीची मुदत संपली, की सर्व्हर साधारण दर तासाला स्वतःहून बंद पडायचा. एसबीएस २००३ मध्ये मुदत मुळात ७ दिवसांची होती. स्थलांतरासाठी दिलेल्या पॅचने ती २१ दिवस झाली आणि एसबीएस २००८ मध्ये २१ दिवसच ठेवली. पॅच न टाकता रोल हलवून सुट्टीवर गेलेल्याचा फोन आठव्या दिवशी वाजलाच म्हणून समजा.

भिंतीत एक दार होतं, पण पैशाचं. एसबीएस २००३ साठी ट्रान्झिशन पॅक मिळे. तो चढवला, की मर्यादा गळून पडत आणि तोच सर्व्हर साधा विंडोज सर्व्हर २००३ आणि एक्सचेंज २००३ होई. क्लायंट परवान्यांचा पॅक वेगळा घ्यावा लागे. ७५ च्या पुढे गेलेल्यांसाठी नोव्हेंबर २००८ मध्ये इसेन्शियल बिझनेस सर्व्हर काढला. ३०० जणांपर्यंत, व्यवस्थापन, सुरक्षा आणि मेल यांना वेगवेगळी यंत्रं. तो दोन वर्षंही टिकला नाही. मार्च २०१० मध्ये बंद करण्याची घोषणा झाली आणि ३० जूनला विक्री थांबली.

दार न वापरणाऱ्यांना दोन टप्प्यांत जावं लागे. आधी त्याच डोमेनमध्ये साधा विंडोज सर्व्हर डीसी म्हणून आणायचा, सगळं त्यावर हलवायचं आणि एसबीएस काढून टाकायचा. एसबीएस गेला की भिंतही गेली. मग मोठ्या कंपनीच्या फॉरेस्टशी ट्रस्ट. घाईत पहिला टप्पा गाळणारे ट्रस्टच्या विझार्डपाशी येऊन थांबतात.

पहिल्या टप्प्यात सगळ्यात जास्त दगा देतो तो सिसव्हॉल, म्हणजे डोमेनच्या पॉलिसी आणि स्क्रिप्ट ठेवणारा फोल्डर. एसबीएस २००३ मध्ये हा फोल्डर एफआरएस नावाच्या सर्व्हिसने रेप्लिकेट होतो, म्हणजे सगळ्या डीसींवर त्याच्या सारख्या प्रती ठेवल्या जातात. डीसी एकच असल्यामुळे रेप्लिकेशन करायला दुसरा कुणीच नसतो. वीज गेली, डिस्क भरली, अशा कारणांनी एफआरएस कधीतरी ‘जर्नल रॅप’ मध्ये अडकतो, म्हणजे फाइलींतल्या बदलांचा माग हरवतो, लॉगमध्ये १३५६८ क्रमांकाची चूक पडते आणि कुणालाच काही जाणवत नाही. चार वर्षांनी नवा सर्व्हर प्रमोट होतो, म्हणजे डीसी बनवला जातो, सगळं यशस्वी झाल्याचं दिसतं, पण त्याच्यावर सिसव्हॉल आणि नेटलॉगॉन हे शेअर (नेटवर्कवरून उघडणारे फोल्डर) उगवत नाहीत. शेअर नाहीत म्हणजे तो स्वतःला डीसी म्हणून जाहीरच करत नाही. अशा स्थितीत जुना सर्व्हर बंद केला, की सकाळी कुणालाच लॉगिन होत नाही.

म्हणून नवा सर्व्हर जोडण्याआधी लॉगमध्ये १३५६८ शोधावा. सापडला तर सिसव्हॉलमधली पॉलिसी आणि स्क्रिप्ट दुसरीकडे कॉपी करून ठेवाव्यात, एफआरएस थांबवावा, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) बर्फ्लॅग्ज या नोंदीची किंमत डी४ करावी आणि सर्व्हिस पुन्हा चालू करावी. डी४ म्हणजे ‘माझी प्रत खरी’. एकाच डीसीवर हेच बरोबर. दुसऱ्या डीसीकडून प्रत घ्या असं सांगणारी डी२ एकट्या डीसीवर दिली तर प्रत देणाराच कुणी नसतो. लॉगमध्ये १३५१६ (सिसव्हॉल तयार झाल्याची नोंद) दिसला, की पुढे जायचं. नवा डीसी झाल्यावर त्याच्यावर दोन्ही शेअर आलेत याची खातरजमा केल्याशिवाय रोलला हात लावू नये.

मेलचं गणित वेगळं. एक्सचेंज २००३ वरून थेट २०१३ वर जाता येत नाही, कारण दोघं एका एक्सचेंज संस्थेत (एका कंपनीच्या मेल मांडणीत) एकत्र नांदत नाहीत. मध्ये २००७ किंवा २०१० ची पायरी लागते. मेलबॉक्स, पब्लिक फोल्डरच्या प्रती आणि ऑफलाइन ॲड्रेस बुक हलवल्यावर एक्सचेंज आधी अनइन्स्टॉल करायचं आणि मगच सर्व्हर डिमोट करायचा, म्हणजे त्याचं डीसीपण काढायचं. क्रम उलटला तर एक्सचेंजच्या नोंदी डोमेनच्या डिरेक्टरीत (खात्यांच्या नोंदवहीत) तशाच पडून राहतात. एसबीएस २००८ आणि २०११ मध्ये आणखी एक मेख आहे: सर्टिफिकेट ऑथॉरिटी (ओळखीची डिजिटल सर्टिफिकेट देणारी सेवा) आपोआप बसलेली असते आणि ती काढल्याशिवाय डिमोशन पुढे सरकत नाही.

दुसऱ्या टप्प्यातल्या अडचणी बहुतेक एसबीएसच्या ठोकळेबाज मांडणीतून येतात. विझार्डने विचारलं, माणसाने ‘नेक्स्ट’ दाबलं. त्यामुळे एसबीएस २००३ असलेल्या असंख्य ऑफिसांत सर्व्हरचा पत्ता एकच: १९२.१६८.१६.२. अशी दोन ऑफिसं एकाच कंपनीने घेतली आणि व्हीपीएनने जोडायला गेली, की दोन्हीकडे तेच सबनेट, म्हणजे पत्त्यांचा तोच गट. खाती हलवण्याआधी एका जागचे पत्ते बदलणं आलंच. यंत्रांना पत्ते वाटणारी डीएचसीपी सर्व्हिसही एसबीएसच देतो आणि नेटवर्कवर दुसरा डीएचसीपी दिसला, की आपली सर्व्हिस बंद करून बसतो. कंपनीचा नवा राउटर लावल्यावर ‘सर्व्हर बिघडला’ अशी ओरड होते, त्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं.

खाती हलवायला मायक्रोसॉफ्टचं एडीएमटी हे साधन वापरतात. त्यातली कळीची गोष्ट म्हणजे सिड हिस्ट्री: नव्या खात्याच्या खिशात जुन्या खात्याचा सिड (ओळखक्रमांक) ठेवला जातो, म्हणून जुन्या फोल्डरची परवानगी चालू राहते. त्यासाठी ट्रस्टवरची सिड फिल्टरिंग (परक्या सिडना अडवणारी चाळणी) स्थलांतरापुरती सैल करावी लागते आणि काम संपल्यावर पुन्हा आवळावी लागते. दुसरा भाग बरेच जण विसरतात. शिवाय ‘डोमेन युझर्स’सारख्या अंगभूत ग्रुपचा सिड असा हलत नाही. एखाद्या शेअरवर परवानगी फक्त ‘डोमेन युझर्स’ला असेल, तर स्थलांतरानंतर तो सगळ्यांना बंद. उपाय आधीचा आहे: जुन्या डोमेनमध्ये नवा ग्रुप करायचा, सगळ्यांना त्यात घालायचं, शेअरवर त्याला परवानगी द्यायची आणि मग तो ग्रुप हलवायचा. आपल्याकडच्या ऑफिसांत याची पहिली बातमी अकाउंट्समधून येते, कारण टॅलीचा डेटा मॅप केलेल्या ड्राइव्हवर असतो आणि तो उघडला नाही तर दिवस अडतो.

ट्रस्टची कटकटच नको म्हणून मेल पीएसटीत (आउटलुकच्या मेल-फाइलीत) काढून नव्या खात्यात ओतणारेही पुष्कळ. वीसेक जणांसाठी ते वाईट नाही. पण दुसऱ्या दिवशी जुन्या सहकाऱ्याला आउटलुकने सुचवलेल्या नावावर पाठवलेला मेल परत येतो आणि परतीच्या निरोपात ‘आयएमसीईएईएक्स’ने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसतो. आउटलुक एकाच संस्थेतल्या माणसाचा ईमेल पत्ता लक्षात ठेवत नाही, एक्सचेंजच्या आतलं त्याचं जुनं नाव लक्षात ठेवतं. प्रत्येक जुन्या मेलबॉक्सचं ‘लेगसी एक्सचेंज डीएन’ (हेच ते आतलं जुनं नाव) आधीच उतरवून घ्यावं आणि नव्या खात्याला एक्स५०० पत्ता म्हणून जोडावं. जुना सर्व्हर पुसल्यावर ही यादी करणं म्हणजे परत आलेल्या एकेका मेलमधून ती वेचत बसणं.

नावाचाही प्रश्न आहे. विझार्डच्या सांगण्यावरून डोमेन ‘कंपनी डॉट लोकल’ असं ठेवलं जाई. पुढे सर्टिफिकेट देणाऱ्या कंपन्या आणि ब्राउझरवाले यांच्या सीए ब्राउझर फोरमने आतल्या नावांना सार्वजनिक सर्टिफिकेट देणं बंद ठरवलं. १ नोव्हेंबर २०१५ नंतर अशी नवी सर्टिफिकेट नाहीत आणि उरलेली १ ऑक्टोबर २०१६ पर्यंत रद्द. त्यानंतर आतल्या आउटलुकवर इशाऱ्याची खिडकी येऊ लागली. आतल्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेत) बाहेरच्या नावाचा झोन करून एक्सचेंजचे आतले पत्ते त्या नावावर नेणं, एवढाच टिकाऊ इलाज होता.

जुलै २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने एसबीएसची पुढची आवृत्ती येणार नाही असं जाहीर केलं. कारण उघड होतं: ऑफिस ३६५ जून २०११ मध्येच आलं होतं आणि स्वतःच्या कपाटात एक्सचेंज सांभाळायची गरज छोट्या ऑफिसला उरली नव्हती. जागा घेतली विंडोज सर्व्हर इसेन्शियल्सने, २५ जण आणि ५० यंत्रांपर्यंत, एक्सचेंजशिवाय. एसबीएस २०११ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला.

यंत्रं गेली, पण त्यांवर जन्मलेली डोमेन अजून चालू आहेत. डोमेनची खाती दाखवणारं यूझर्स अँड कंप्यूटर्स उघडल्यावर ‘मायबिझनेस’ नावाचा ओयू (खाती ठेवायचा कप्पा) दिसला, की समजावं, हे घर मूळचं एसबीएसचं. तो लगेच पुसू नये. आत खरी खाती असतात आणि त्याला जुन्या ग्रुप पॉलिसी जोडलेल्या असतात. त्यांपैकी एखादी कुणाचा तरी डॉक्युमेंट्स फोल्डर अस्तित्वात नसलेल्या सर्व्हरकडे वळवत असते. शिवाय डोमेन २००३ काळातलं असेल तर सिसव्हॉल अजून एफआरएसवर असण्याची शक्यता मोठी आणि विंडोज सर्व्हर २०१९ अशा डोमेनमध्ये डीसी व्हायला नकार देतो. आधी डोमेनची फंक्शनल लेव्हल (कोणत्या विंडोजच्या पातळीवर चालायचं ते) किमान २००८ वर नेऊन, एफआरएसच्या जागी डीएफएसआर आणणाऱ्या डीएफएसआर-मिग आज्ञेने ‘प्रिपेअर्ड’, ‘रिडायरेक्टेड’, ‘एलिमिनेटेड’ अशा तीन पायऱ्या चढाव्या लागतात. प्रत्येक पायरीवर सगळे डीसी पोहोचल्याचं पाहूनच पुढची घ्यावी, कारण तिसरीवरून मागे येता येत नाही.