हार्ड टू नो: कळणं कठीण की माहीत असणं जड?

परवा हर्णैला भाचीची आठवीची वही चाळत होते. मासेमारी बंदीचे दिवस, बोटी वर ओढून ठेवलेल्या, सगळ्यांकडे वेळच वेळ. निसर्ग वादळावरच्या निबंधात भाचीबाईंनी लिहिलेलं, "इट वॉज हार्ड टू नो दॅट द रूफ वॉज गॉन." म्हणायचं होतं, छप्पर उडालं का राहिलं ते कळायला मार्ग नव्हता. तिच्या गाइडात नो म्हणजे माहीत असणे, दॅट म्हणजे की, संपला विषय. एका इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द ठोकून दिला की भाषा आली, हा गैरसमज या गाइडांनी घरोघरी पोचवलाय.

गंमत म्हणजे वाक्य व्याकरणात बसतं. अर्थ मात्र निघतो, "छप्पर गेलंय हे माहीत असणं फार जड गेलं."

सुरुवातीच्या इटला काही अर्थ नाही, तो नुसती जागा धरून बसलेला कर्ता, खरा कर्ता मागून येतो, ते सोडा. खरी मजा नो मधे आहे. मराठीत कळणं वेगळं आणि माहीत असणं वेगळं, कळणं ही घटना, एका क्षणी होते, आणि माहीत असणं ही त्यानंतरची स्थिती. काल कळलं म्हणजे काल बातमी आली, काल माहीत होतं म्हणजे बातमी आधीच आलेली. इंग्रजीत या साच्यात दोन्हीला एकच नो, मग ऐकणाऱ्याने ओळखायचं कशावरून, तर पुढे काय येतं त्यावरून. पुढे वेदर (आहे की नाही या अर्थाचा), व्हेन, व्हॉट असं प्रश्नाचं शेपूट आलं तर उत्तर अजून हातात नाही, म्हणून कठीण आहे ते शोधणं. पुढे दॅट आलं तर गोष्ट खरी आहे हे आधीच धरलेलं.

पॉल आणि कॅरल किपार्स्की या भाषाशास्त्रज्ञांनी 1970 च्या लेखात अशा क्रियापदांना फॅक्टिव्ह म्हटलं. तपासायचं कसं? नकार लावून बघा. "तिला माहीत नाही की छप्पर गेलं" म्हटलं तरी छप्पर गेलेलंच राहतं, नकार तिच्या माहितीला लागतो, छपराला नाही. बिलीव्ह तसं नाही, "ती मानत नाही की छप्पर गेलं" यात छप्पर कदाचित शाबूत असेल. म्हणून हार्ड टू बिलीव्ह दॅट बिनधास्त चालतं, पण हार्ड टू नो दॅट म्हटलं की गोष्ट पक्की झालेली असते आणि कठीण उरतं ते फक्त सोसणं.

3 जून 2020 ला वादळ आलं तेव्हा मी मुंबईत, गावचे फोन बंद, लाइट नाही. ते दिवस सगळे वेदरचे. मग कोणीतरी फोटो पाठवला, उघड्या वाशांचा, आणि तिथून दॅट सुरू झालं.

हार्डच्या जागी इम्पॉर्टंट लावलं तर दोन्ही चालतं. बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागलाय का हे बघून या, इथे वेदर. लागलाय हे ध्यानात ठेवा, इथे दॅट.

आणि वेदर हा शब्द जुन्या इंग्रजीत "दोहोंतलं कुठलं" असा होता, म्हणजे आपला कौलच, उजवा का डावा. गुरवाने कौल लावला की निम्म्या वेळा बरोबर यायचंच, नाणं उडवलं तरी येईल, त्यावर बोट समुद्रात घालू नये एवढंच, हवामान खात्याचा इशारा बघावा.

हे सगळं भाचीला सांगितलं. तिने मुकाट्याने दॅट खोडून वेदर लिहिलं, पण स्पेलिंग हवामानाचं.